सहीआधी एक माणूस

मेंबरांची सही हवी असेल तर आधी एक माणूस लिहावा लागायचा. रहिवासी दाखल्याला शिफारस हवी, एक माणूस. नळाच्या अर्जावर सही हवी, एक माणूस. लग्नासाठी समाजमंदिर हवं, तर मुलाकडून एक आणि मुलीकडून एक. पुढे पुढे आमच्या वॉर्डात ते बोलण्यातच आलं. "कुठं निघालास रं?" "मेंबराकडं, माणूस लिवायला." परगावचा पाहुणा हे ऐकून दचकायचा. गावाला वेड लागलंय असं त्याला वाटलं तर त्यात त्याची काही चूक नव्हती.

गाव म्हणजे कर्नाटकातल्या निपाणी-चिकोडीच्या पट्ट्यातलं आमचं लहानसं शहर. तंबाखू, ऊस आणि पट्टण पंचायतीचं राजकारण, ही इथली तीन मोठी पिकं. मेंबर आमच्या वॉर्डातून लागोपाठ निवडून येत. जैन शेतकऱ्याचं घर, गावाबाहेर मळा, घरात कन्नड आणि मराठी दोन्ही एकाच ताटात. सगळं गाव त्यांना मेंबर म्हणायचं, मी अण्णा म्हणायचे. त्यांच्या कचेरीला लागून माझं दुकान आहे: झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, ऑनलाइन अर्ज. मधली भिंत इतकी पातळ की माझा प्रिंटर अडकला की पलीकडून आवाज यायचा, "आक्का, एक चापट मार त्याला!" वयाने ते माझ्या वडिलांएवढे, पण आमच्याकडे दुकान चालवणारी बाई सगळ्यांचीच आक्का असते.

आता माणूस लिहिणं म्हणजे काय ते सांगते. हिटलरच्या राजवटीत ज्यांना छळछावण्यांत डांबलं, कामाला जुंपलं, मारलं, त्या लोकांची कार्डं आणि याद्या जर्मनीत जपून ठेवल्यात. त्यातली कितीतरी मारणाऱ्यांनीच नीट टाइप करून ठेवलेली. आता त्यांचे फोटो संगणकावर आहेत. जगातल्या कुणीही स्वखुशीने बसावं, कार्डावरचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव, धंदा, घरच्यांचा पत्ता वाचावा आणि टाइप करावा. म्हणजे कुणी आपलं हरवलेलं माणूस शोधत आलं तर ते सापडतं, आणि कुणीच आलं नाही तरी नाव राहतं. पगार नाही, सर्टिफिकेट नाही. आमच्या गावात फुकटचं काम करायला कुणी तयार नसतं, पण सहीसाठी लोक काहीही करतात, एवढं अण्णांना राजकारणाने शिकवलं होतं.

सुरुवात झाली एका फोटोने. अण्णांचा पुतण्या जर्मनीत नोकरीला आहे. त्याच्या बायकोने फोटो पाठवला: त्यांच्या गावचा नगराध्यक्ष आणि नगरसेवक नगरपालिकेच्या सभागृहात लॅपटॉप उघडून, शाळेतल्या पोरांच्या शेजारी बसून नावं टाइप करतायत. अण्णा फोन घेऊन माझ्याकडे आले.

"ह्यो कोण?"

"नगराध्यक्ष, अण्णा."

"आन ह्यो त्याच्या बाजूचा?"

पुतणसुनेने खाली लिहिलं होतं ते वाचून मी म्हटलं, "विरोधी पक्षाचा नेता."

"एका बाकावर?" अण्णांनी फोन डोळ्यांजवळ नेला. "मारामारी न्हाय, काय न्हाय?"

मग मी त्यांना पूर्ण मजकूर वाचून दाखवला. कुणाची नावं, कशाची कार्डं, सगळं. अण्णा माझ्या दुकानातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिले. दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. शेवटी म्हणाले, "तिथल्या मेंबरांनी करायचं आन आपण नुसतं बघायचं? आपल्याला येतंय का ते?"

"कुणालाही येतं."

"मग लाव."

मला वाटलं, पंचायतीची निवडणूक वर्षावर आलीय, यांना फोटो काढून हवाय. अण्णांना फोटोची हौस होतीच. झाड लावताना फोटो, तेच झाड पुन्हा लावताना पुन्हा फोटो. पण त्यांनी फोन खिशात घातला आणि कार्डावरचं पहिलं नाव एका बोटाने टाइप करायला घेतलं. एका नावाला त्यांना पाऊण तास लागला, आणि फोटोचं नाव त्यांनी काढलं नाही.

तऱ्हा त्यांच्या आधीपासूनच होत्या. फोन उचलल्यावर 'हॅलो' कधी नाही, "ऐकतोय" म्हणायचे. आणि ऐकायचे मात्र निम्मंच. दिवस मावळायच्या आत जेवण. त्यामुळे पुढाऱ्यांच्या जेवणावळीत रिकामं ताट पुढ्यात घेऊन बसायचे आणि सगळ्या पंगतीला आग्रह करकरून वाढायला लावायचे. पंचायतीच्या सभेत प्रश्न मराठीत विचारायचे, उत्तर कन्नडमधून आलं की पुढचा प्रश्न कन्नडमधून. "कळलं न्हाय म्हणायची कुणालाच सोय ठिवायची न्हाय," असं त्यांचं म्हणणं. आणि पेन्सिलीचा राग. माझ्या काउंटरवर पेन्सिल दिसली की उचलून थेट समोरच्या गटारात. "पेनानं लिव. चुकलं तर चुकलेलं दिसू दे." गिऱ्हाइकं हसायची. मी हसायचे नाही, कारण पेन्सिलीचं कारण गावात फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं.

माणूस लिहायचे त्यांचे नियम होते. चपला बाहेर. 'एंट्री' म्हणायचं नाही. सगळं भरून झाल्यावर बटण दाबायच्या आधी ते नाव मोठ्याने घ्यायचं. पोलंडमधली, हंगेरीतली ती नावं आमच्या लोकांच्या तोंडात बसायची नाहीत. पण अण्णांना उच्चाराशी काही देणंघेणं नव्हतं. "त्याला कळतंय, त्यालाच हाक मारली म्हणून," म्हणायचे.

आमच्या गल्लीतला शिंपी दुकानाच्या परवान्यासाठी सही घ्यायला आला. त्याला आलेल्या कार्डावर धंद्याच्या रकान्यात जे होतं त्याचा अर्थ मी फोनवर काढून सांगितला: शिंपी. आमचा शिंपी खुर्चीत सरळ झाला.

"कापणारा का शिवणारा?"

"तेवढं नाही लिहिलेलं."

"मशीन होतं का त्याचं सोताचं?"

"तेही नाही."

सही घेऊन तो गेला, आणि दुकानाच्या पुढच्या सुट्टीच्या दिवशी परत आला. कुठलाच कागद सोबत नव्हता. "आणखी कुणी शिंपी हाय का बघतो," म्हणाला. तेव्हापासून दर सुट्टीला यायचा. त्याला शिंपी क्वचितच मिळाले, पण सुतार, बेकरीवाले, एक घड्याळ दुरुस्त करणारा, असे बरेच जण त्याने लिहिले.

एक म्हातारी रेशनकार्डाच्या कामाला आली. तिला अक्षरओळख नव्हती. मी टाइप केलं, तिने नाव घेतलं. कार्ड एका बाईचं होतं. म्हातारीने विचारलं, "लेकरं किती लिवल्यात?"

"तीन."

"ती कुठं गेली मग?"

"कार्डावर नाही, आज्जी."

"खाली बघ की जरा. कुठंतरी आसंल."

खाली काही नाही हे मला दिसत होतं, तरी मी कार्ड शेवटपर्यंत सरकवून बघितलं. म्हातारी तशीच बसून राहिली. अण्णांनी सही करून कागद तिच्या हातात दिला तरी उठेना.

सगळेच असे नव्हते. रस्त्याच्या कामाचा एक कंत्राटदार शिफारसपत्राला आला. घाईत होता. त्याने रकान्यांत मनाला येईल ती अक्षरं बडवली, नावाच्या जागी तर स्वतःच्या गाडीचा नंबर घातला, आणि बटण दाबून मोकळा झाला. पाठीमागे उभ्या असलेल्या अण्णांनी ते बघितलं. इतक्या वर्षांत मी त्यांना असं चिडलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्यांचा आवाज समोरच्या चहावाल्यापर्यंत गेला. कंत्राटदार पळाला. मी समजूत घालायला म्हटलं, "अण्णा, एवढं मनाला लावून घेऊ नका. तिथे एकच कार्ड वेगवेगळ्या तीन जणांना देतात. तिघांचं जुळवून बघतात. याचा चावटपणा आपोआप बाजूला पडेल."

"तीन जण बघत्यात?"

"हो."

"एका नावासाठी तीन जण?" अण्णा खुर्चीत बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आपल्या यादीला एकानं तरी बघितलं आसतं गं आक्का."

मी प्रिंटरमधले कागद उगाचच सारखे केले. आता ती यादी सांगायला हवी.

माणसं लिहायला लागण्याच्या आधी झालेल्या निवडणुकीची गोष्ट. अण्णांची जागा अडचणीत होती. एके दुपारी ते मतदारयादी घेऊन आले. काही नावांपुढे पेन्सिलने फुल्या मारलेल्या. "ही नावं काढायचे अर्ज भर. ह्यातली काय मेल्यात, काय गाव सोडून गेल्यात." त्यांतली बरीचशी खरोखरच मेलेली किंवा गेलेली होती. पण सगळी नव्हती. काही फुल्या विरोधी उमेदवाराच्या भावकीतल्या, पाहुण्यांतल्या नावांपुढे होत्या, आणि ती माणसं मी रोज रस्त्यात बघत होते. मला दिसत होतं. अण्णांच्या वशिल्यामुळे मला त्या जागेत दुकान मिळालं होतं, आणि नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती. मी एकामागून एक अर्ज भरले. कारण: मयत. कारण: स्थलांतरित. पुढे चौकशी व्हायची असते. ती कुणीतरी कागदावर उरकली.

त्या यादीत तळ्याच्या गल्लीतली शेवंताबाई होती. विड्या वळायची. विरोधी उमेदवाराची लांबची मावशी, एवढाच तिचा गुन्हा. तिच्या नावापुढे मी 'मयत' टाइप केलं.

मतदानाच्या दिवशी शाळेबाहेर अण्णांच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन मी बसले होते, लोकांना यादीतला नंबर काढून चिठ्ठ्या देत. शेवंताबाई आली ती शहापूरची साडी नेसून. लग्नकार्यालाच काढायची ती साडी. आत जाऊन परत आली आणि टेबलापाशी उभी राहिली.

"आक्का, आत म्हणत्यात मी मेल्ये. बघ की गं तुझ्या मशिनीत."

मी बघितल्यासारखं केलं. म्हटलं, "नाव नाही, मावशी."

ती अण्णांकडे वळली. "मेंबर, तुम्ही सांगा की त्यास्नी. तुम्ही वळखताय न्हवं मला?"

अण्णा म्हणाले, "यादीत कायतरी घोळ झालाय. फुडच्या टायमाला बघू."

ती गेली नाही. डाव्या हाताचं बोट पुढे करून म्हणाली, "मग शाई तरी लावा. घरला जाऊन पोरास्नी काय दावू?"

शाई आमच्या टेबलावर नसते. असं काहीतरी मी बोलले. ती बोट तसंच धरून थोडा वेळ उभी राहिली आणि मग निऱ्या सावरत गेली. अण्णा त्या वेळी थोडक्यात निवडून आले. शेवंताबाई पुढच्या दिवाळीआधी वारली. पुढचा टाइम तिला मिळालाच नाही. अण्णांचा पेन्सिलीवरचा राग तेव्हापासूनचा.

तर असे हे अण्णा. कंत्राटदाराच्या प्रकरणानंतर त्यांनी नवीनच काढलं: पंचायतीतल्या सगळ्या मेंबरांनी, दोन्ही बाजूंच्या, आमदारांसकट, एका बाकावर बसून एक एक माणूस लिहायचा. सभेत विरोधी गटाचा पुढारी म्हणाला, "आधी गटारं साफ करा, मग जर्मनी." अण्णा म्हणाले, "सकाळीच केल्यात. येऊन बघा." आणि त्याला खरोखरच हाताला धरून दाखवायला घेऊन गेले. आमदारांना भेटायला गेले तेव्हा आमदारांनी विचारलं, "तिथं आपलं मतदान किती?" अण्णा म्हणाले, "काय न्हाय, साहेब. म्हणून तर करायचं."

आमदार तयार झाले, कारण त्यांना त्याच मंचावरून दुसरं एक जाहीर करायचं होतं. येत्या निवडणुकीनंतर पंचायतीचा अध्यक्ष म्हणून अण्णांचं नाव. वॉर्डात सगळ्यांना माहीत होतं. इतकी वर्षं मेंबर राहून अण्णांना ती एक खुर्ची मिळाली नव्हती, आणि ती त्यांना फार हवी होती. मळ्यात बसून अध्यक्ष झाल्यावर काय काय करणार ते बोटांवर मोजून सांगायचे. त्यामुळे कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ते दुकानात येऊन "मी उद्या शेवंताबाईचं बोलणार हाय" म्हणाले तेव्हा मी हातातला कप खाली ठेवला.

"अण्णा, खुर्ची जाईल."

"जाईल."

"आणि मी?"

"तू कुठं हाईस त्यात?" म्हणाले आणि उठून गेले.

कार्यक्रम समाजमंदिरात. शाळेतून मागून आणलेले लॅपटॉप, पांढरी चादर घातलेली टेबलं. फ्लेक्सवर एकाही पुढाऱ्याचा फोटो नव्हता. फ्लेक्सवाल्याने दोनदा फोन करून खात्री करून घेतली होती. आमदार आल्या आल्या म्हणाले, "माझा फोटू कुठं हाय?"

"ज्यांच्यासाठी कार्यक्रम त्यांचा बी न्हाय, साहेब," अण्णा म्हणाले.

आमदार बसले. त्यांच्यासमोर कार्ड आलं. मी शेजारी उभी राहून शब्दांचे अर्थ सांगत होते. धंद्याच्या रकान्यातला शब्द मी फोनवर घातला आणि आलेला अर्थ मोठ्याने वाचला: नगरपालिकेचा सदस्य.

"म्हंजे मेंबर?" आमदार म्हणाले.

"हो, साहेब."

"मेंबराला धरून नेलतं?" त्यांनी चष्मा वर केला. "कुठल्या पार्टीचा?"

"ते नाही लिहिलेलं. पण सत्तेतल्या पार्टीचा नसणार."

मागे कुणीतरी हसलं आणि मध्येच थांबलं. आमदारांबद्दल माझं मत काही फार चांगलं नाही, पण त्या दिवशी त्यांनी ते सगळं स्वतः टाइप केलं, सेक्रेटरीला हात लावू दिला नाही, आणि नाव दोनदा घेतलं. विरोधी पुढारी त्यांच्याच बाकावर होता. त्याने कार्डाकडे मान वळवून बघितलं, आणि मग स्वतःच्या कार्डाला लागला. तो फोटो निघायला हवा होता, पण काढायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग आमदारांनी अण्णांचं नाव जाहीर केलं. टाळ्या झाल्या. अण्णा आभार मानायला उभे राहिले.

"आभार मानतो. आता एक ऐका. मी बी एक यादी केलती. तिकडं जे झालं ते डोंगराएवढं, माझं ढेकळाएवढं. बरोबरी करायची न्हाय, केली तर त्या मेलेल्यांचा अपमान हाय. पन पेन्सिल माझ्या हातात होती, आन माणूस जित्तं हाय ते मला ठावं होतं. तळ्याच्या गल्लीतली शेवंताबाई. तिला मी मयत केली. ती माझ्याच टेबलापाशी येऊन दाद मागत होती आन मी तिला फुडच्या टायमाला बघू म्हणालो. ती गेली. आता माफी मागायला माणूस न्हाय माझ्याफुडं. म्हणून तुमच्याफुडं सांगतो. ह्या खुर्चीवर माझा हक्क न्हाय."

आमदारांना अचानक दुसऱ्या कार्यक्रमाची आठवण झाली. विरोधी पुढारी उठून ओरडला, "अर्ज कुणी भरलं? मेंबराला कॉम्प्युटर कुठं येतोय?"

"मीच भरलं," अण्णा म्हणाले.

मी पहिल्या रांगेत लॅपटॉपपुढे बसले होते. मंचापर्यंत दोन पावलंही नव्हती. मी उठले नाही.

तक्रार झाली, चौकशी लागली. चौकशीच्या दिवशी अण्णांच्या सोबतीला म्हणून मी तालुक्याच्या कचेरीत गेले होते. चौकशीच्या साहेबांनी विचारलं, "ऑनलाइन अर्ज कोणी भरले?" अण्णा म्हणाले, "मी." साहेबांना पटेना. टेबलावरचा कीबोर्ड पुढे सरकवून म्हणाले, "करा बघू टाइप काहीतरी." अण्णांनी चष्मा लावला. एका बोटाने, एक एक अक्षर शोधत, त्यांनी 'शेवंता' लिहिलं. वर्षभर माणसं लिहून तेवढं त्यांना यायला लागलं होतं. बटण दाबायच्या आधी सवयीने नाव मोठ्याने घेतलं. साहेबांनी पुढे काही विचारलं नाही.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अण्णा, हे खोटं बोललात तुम्ही."

"व्हय. ह्ये शेवटचं." गाडीच्या किल्ल्या शोधत म्हणाले. "तुझं दुकान हाय, दोन पोरी शिकायच्या हाईत. मला काय, मळा हाय. क्षमावाणीला ह्याची बी माफी मागीन, मग झालं."

क्षमावाणी हा जैनांचा माफी मागायचा दिवस. उपासांचं पर्व संपलं की घरोघरी जाऊन, वर्षभरात काही चुकलं असेल तर क्षमा करा, असं म्हणायचं. राजकारणातली माणसं घरोघरी जात नाहीत, मेसेज टाकतात. दरवर्षी अण्णांचा तो मेसेज मीच सगळ्या वॉर्डाला एका दमात पाठवायचे. त्या वर्षी त्यांनी पाठवू दिला नाही. एकटेच चालत तळ्याच्या गल्लीत गेले. शेवंताबाईचा नातू टेम्पो चालवतो. त्याने अण्णांना आत घेतलं, पाणी दिलं.

परत आल्यावर अण्णा माझ्याकडे बसले.

"पोरगं म्हणालं, मी कोण माफ करणार? मग म्हणालं, मेंबर, आमाला कळलंच नव्हतं तिचं नाव काढलंय म्हणून. त्या दिशी घरला आली ती बोट दावतच आली. मत दिऊन आले म्हणाली. आता तुमी सांगितल्यावर कळलं, वाटंत कुठंतरी काजळ लावून घेतलं आसंल बोटाला."

मी रडले. अण्णा रडले नाहीत, ते फक्त आपल्या डाव्या हाताचं बोट चोळत राहिले. जाताना म्हणाले, "लिवलंस कधी ह्यातलं, तर माझं नाव नको. तिचं लिव."

त्यानंतरच्या निवडणुकीत ते उभे राहिले नाहीत. सहीला किंमत उरली नाही, तरी कचेरी सकाळी उघडायचे. दाखल्यासाठी लोक नव्या मेंबराकडे जायला लागले. शिंपी मात्र यायचा, ती रेशनकार्डवाली म्हातारी कधीमधी यायची, नव्या मेंबराची मुलगीही दोनदा येऊन गेली. अण्णा एका बोटाने लिहीत राहायचे आणि भिंतीपलीकडून मला नावं ऐकू यायची.

गेल्या साली अण्णा गेले. मळ्यातच, दुपारचं जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. काही दिवसांनी त्यांचा मुलगा दुकानात आला. मतदारयादीतून वडिलांचं नाव काढायचं होतं. तोच अर्ज. त्या यादीनंतर मी तो कधी भरला नव्हता, कुणी आलं तर दुसऱ्या दुकानात पाठवायचे.

शेवंताबाईचा नातू टेम्पोच्या कागदांसाठी आलेला होता. मी त्याला म्हटलं, "थांब जरा, इकडे ये." मी भरलं, अण्णांच्या मुलाने वाचून बघितलं, मग नातवाने वाचून बघितलं. नाव बरोबर. पत्ता बरोबर. कारण: मयत. तिघांचं जुळलं. मग मी अण्णांचं पूर्ण नाव मोठ्याने घेतलं आणि बटण दाबलं.

मुलगा गेल्यावर नातू तिथेच उभा राहिला. म्हणाला, "आक्का, आन आज्जीचं? परत चढतंय का यादीत?"

"नाही रे. मेलेल्यांना त्या यादीत जागा नसते."

"मग कुठल्या यादीत आसती?"

कुठल्याच यादीत ती जिवंत होती असं लिहिलेलं नाही. अण्णांनी सांगितलेलं तेव्हा आठवलं. त्यांचं नाव मी कुठेच घातलेलं नाही. हे तिचं.

नाव: शेवंता. नवऱ्याचं नाव: मारुती. जन्मगाव: गुंजी, तालुका खानापूर. जन्मतारीख: घरच्यांना ठाऊक नाही. धंदा: विड्या वळणे. राहणार: तळ्याची गल्ली. घरची माणसं: तेव्हा मुलगा, सून, नातवंडं; आता गल्लीत एक नातू. यादीतून नाव काढलं तेव्हा: जिवंत. अर्ज भरणारी: मी.